घासलेले जोड

आमच्या गल्लीत वेल्डिंग संध्याकाळी साडेसातच्या आत बंद व्हायचं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि शेजारपाजार यांच्यात तसं ठरलेलं होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलं मला आठवत नाही. आबांनी रॉड टेकवला की वाळूजजवळच्या रांजणगावातल्या त्या अख्ख्या गल्लीचे दिवे मंद व्हायचे, टीव्हीवरचं चित्र चारी कडांनी आकसायचं, आणि साडेसातला तर बायकांची मालिका लागायची. म्हणून पहिली पाळी करून वाळूजच्या कंपनीतून साडेचारला घरी आलेले आबा उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि थेट शेडमध्ये शिरायचे. साडेसातला खटका खाली. मशीनची घरघर थांबली की लक्षात यायचं, इतका वेळ आपण सगळे किती मोठ्यानं बोलत होतो. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि तापलेलं लोखंड गार होताना टक् टक् वाजायचं. तो आवाज मी नंतर कितीतरी कारखान्यांत कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. मोठ्या जागेत तो ऐकू येत नाही.

शेड म्हणजे घराच्या भिंतीला धरून उभे केलेले चार खांब आणि वर पत्रे. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती, आबांची सायकल होती, तरी गल्ली त्याला गॅरेजच म्हणायची. कंपनीत आबा ठेकेदाराकडचे वेल्डर. माल ठेवायचे लोखंडी पिंजरे जोडायचं काम. घरी आल्यावर गेट, खिडक्यांच्या जाळ्या, उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरचे स्टँड. मी मात्र त्या घरात बारावीपर्यंत पाहुणीच होते. माझं शिक्षण देवगाव रंगारीला मावशीकडे राहून झालं, कारण तिथली शाळा चांगली, असं आबांना कुणीतरी सांगितलं होतं आणि शिक्षणाच्या बाबतीत आबा कुणाचंही ऐकायचे. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मी घरी यायचे तेव्हा ते कामावर तरी असायचे नाहीतर झोपलेले. शहरात इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि मी कायमची घरी आले, तेव्हा मला वडिलांच्या हातांवरचे भाजल्याचे ठिपके ओळखीचे होते, त्यांचं बोलणं नव्हतं. घरातली पहिली पदवी माझी होणार म्हणून ते माझ्याशी थोडं जपूनच बोलायचे. मीही जपून. असं जपता जपता तीन वर्षं गेली.

शेवटच्या वर्षाला आम्ही अकरा जणांनी मिळून एक गाडी बांधायचं ठरवलं. एकाच माणसाची, खाचखळग्यांतून पळणारी, सगळी विद्यार्थ्यांनी केलेली. अशा गाड्यांची दुसऱ्या राज्यात स्पर्धा असायची आणि आमच्या कॉलेजातून तोवर कुणी गेलेलं नव्हतं. इंजिन मिळालं, चाकं मिळाली. पण सगळ्यांत आधी लागते ती चासी, म्हणजे नळ्यांची चौकट, जिच्यात चालवणारा बसतो आणि जिला बाकी सगळं जोडलेलं असतं. कॉलेजचं वर्कशॉप फक्त प्रॅक्टिकलच्या वेळात उघडायचं. आमच्या टीमवर देखरेख ठेवणाऱ्या देशमाने सरांनी वर्गात विचारलं, कुणाच्या घरी जागा आहे का? मी वर्गात सहसा बोलत नसे. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत पुढचा विषय निघालेला असायचा. त्या दिवशी मात्र माझा हात वर गेला. माझ्या घरी शेड आहे, मी म्हणाले, आणि माझे वडील वेल्डर आहेत. यातलं दुसरं वाक्य मी त्या इमारतीत पहिल्यांदाच बोलले होते. आमचा कप्तान कौस्तुभ, शहरातल्या डॉक्टरांचा मुलगा, मागं वळून म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलंस?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

आबांनी कॉम्प्युटरवर काढलेला कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. हे असं बारकं नको, पुऱ्या मापात काढ, जमिनीवर, म्हणाले. मग मी शेडच्या कोब्यावर खडू, दोरी आणि गुण्या घेऊन गुडघ्यांवर रांगत अख्खी चौकट काढली, एकदा बाजूनं आणि एकदा वरून. दोन दिवस लागले. ते चित्र होतं तोवर आबा शेडमध्ये कडेकडेनं चालायचे आणि आई त्याच्याभोवती वळसा घालून झाडायची. नळ्या आल्या. एक नळी दुसरीला जिथं टेकते तिथं तिचं टोक अर्धचंद्रासारखं कापावं लागतं, म्हणजे ती पहिलीवर नीट बसते. जरा फट राहिली की आबा काही न बोलता कानस माझ्या हातात द्यायचे. जोडातून पलीकडचा उजेड दिसता कामा नये, एवढी त्यांची अट. आधी सगळीकडे नुसते टाके, मग एक जोड इकडचा, एक तिकडचा. एकाच बाजूनं करत गेलं तर तापलेलं लोखंड ओढ घेतं आणि चौकट तिरपी होते. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, आकृतीसह. आबांनी ते कधी कुणाकडून ऐकलं असेल की किती गेट वाकडी करून शिकले असतील, ते मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

शनिवार-रविवारी टीममधली मुलं यायची. आई पहाटेची वंदना आटोपून ज्वारीचं पीठ मळायला घ्यायची आणि दुपारपर्यंत येसर मसाल्याची झणझणीत आमटी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तयार असायची. कौस्तुभनं येसर कधी खाल्लं नव्हतं. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत त्यानं तिसऱ्यांदा आमटी मागितली तेव्हा आईनं त्याला आपल्यात घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. पलीकडच्या घरातले रशीद चाचा भंगाराचा धंदा करायचे. जाता-येता शेडच्या तोंडाशी थांबून चौकशी करायचे. एकदा वरच्या नळ्यांच्या कमानी बसल्या आणि चौकटीला आकार आला, तेव्हा चाचा बराच वेळ बघत राहिले.

"मास्टर, ये गाडी है के पिंजरा? शेर किधर है?"

"कालिज गई है शेरनी," आबा काळ्या काचेआडून म्हणाले. "शाम कू आती."

हे मला आईनं सांगितलं. आबा माझ्याबद्दल असं काही बोलतात, हे मला नवीन होतं.

पण माझ्यासाठी त्या दिवसांतला खरा वेळ साडेसातनंतरचा, जेवायच्या आधीचा. मशीन बंद, आबा पाटावर बसून नळ्यांची टोकं कानशीनं घासताहेत, आणि मी त्यांच्यासमोर स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक मराठीत करून वाचतेय. जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मी एक वाक्य मनात वाचायचे, डिक्शनरी बघायचे आणि मग मोठ्यानं सांगायचे. आबा सातवी शिकलेले. मराठी पेपर रोज वाचायचे, पण असं पुस्तक कुणी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. प्रत्येक नियमाला ते का, असं विचारायचे आणि बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच काढायचे. चालवणाऱ्याच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी पाहिजे, मी वाचलं, तर म्हणाले, बरोबर हाय, उलटली तर मान मोडायची नाय. पट्टा कुठं बांधायचा, पेट्रोलची टाकी कुठं, आग लागली तर किती वेळात बाहेर यायचं. कधी कधी आई परात मांडीवर घेऊन ऐकत बसायची. कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या नियमांच्या पुस्तकामुळं आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या तीन वर्षांत झालं नव्हतं. दोन-तीन पानं वेल्डिंगची होती. ती मी माझ्यापुरती वाचली, आबांना न सांगता उलटून पुढं गेले. वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला आपण वेल्डिंग कसं करावं ते वाचून दाखवायचं, हे मला उद्धटपणाचं वाटलं.

चौकट पुरी जोडून झाली आणि माझी तीन दिवसांची परीक्षा आली. जायच्या-यायच्या वेळेत अभ्यास बुडू नये म्हणून मी शहरात मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. शनिवारी दुपारी परतले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच ग्राइंडरचा आवाज आला. शेडसमोर सातआठ माणसं उभी होती. आत दोन ड्रमांवर आमची चौकट ठेवलेली, रॉकेलच्या फडक्यानं पुसलेली, आणि ती चमकत होती. आबांनी दोन दिवस रजा टाकून तिचा एकेक जोड घासून काढला होता. वेल्डिंगची रेघ पडते ती खवल्यांसारखी, वर उठलेली; ती कुठंच नव्हती. दोन नळ्या जणू एकाच नळीला फुटलेल्या फांद्या. आबांच्या पापण्यांवर लोखंडाची पूड होती.

"बघ माय," ते म्हणाले. "कुठं जोड हाय ते दाखव."

मला दाखवता आला नाही. लोक हसले, कौतुकानं. रशीद चाचांनी चौकटीवरून हात फिरवला आणि आबांना सलाम केल्यासारखं केलं. आईनं गुळाचा शिरा केला होता, सगळ्यांना द्रोणात दिला. मी छान आहे म्हणाले, आणि शिरा खाल्ला. पुस्तकातलं ते सोडलेलं पान मला पाठ होतं. जोडावरचं वेल्डिंग घासलेलं असेल तर गाडी तपासणीतच बाद. जोड जसा पडला तसाच दिसला पाहिजे. घासल्यानं आतली भेग झाकली जाते आणि जिथं ताकद हवी तिथलाच माल जातो. स्पर्धेला गाडी पाठवायला सोळा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभ आला. त्यानं चौकटीभोवती एक फेरी मारली, आबांना नमस्कार केला, आणि मला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेऊन हळू आवाजात विचारलं, "काकांना हे माहीत नव्हतं?" मी सांगितलं नव्हतं, मी म्हणाले. तो चिडला नाही. वाळूजमध्ये त्याच्या ओळखीचं एक वर्कशॉप होतं, तिथं वेल्डिंगची परीक्षा पास झालेला वेल्डर होता. उद्या चौकट तिकडे हलवू, जोड त्यांच्याकडून पुन्हा करून घेऊ, काकांना वाईट वाटणार नाही असं काहीतरी तू सांग, असं तो म्हणाला. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं मला आजही नवल वाटतं. अकरा जणांचं वर्ष त्या गाडीवर होतं, हे खरं. पण शेडच्या आत माझे वडील ग्राइंडरच्या चकत्या पुसून डब्यात ठेवत होते, आणि मी त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायला नुसती मान हलवून हो म्हणाले होते.

संध्याकाळी आबा टाकीवर धुण्याच्या पावडरनं हात धूत होते तेव्हा मी बाजूला जाऊन उभी राहिले.

"आबा, घासलेलं चालत नाही त्यांना."

"कुणाला?"

"तपासणीवाल्यांना. पुस्तकात लिहिलंय."

ते हात चोळत राहिले. "पुस्तक तर तू समदं वाचलं मला."

"ती पानं सोडली होती."

"का?"

"तुम्हाला वेल्डिंगचं काय वाचून दाखवायचं, असं वाटलं."

आबांनी नळ बंद केला. मला वाटलं, रागावतील; रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, घासल्यानं माल कमी होतो हे काय मला ठाव नाय? गेटवर कोण उलटंपालटं होणार हाय, म्हणून घासतो. गिऱ्हाईक हात फिरवून बघतं. कंपनीत नाय घासत, ते कंपनीचं असतं. हे घरचं होतं. मग हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोडायचं नव्हतं पान. मी काय कालिजात गेलतो का? मला बी शिकवायचं."

शेडमध्ये जाऊन त्यांनी चौकटीवर जुनी सतरंजी टाकली. रात्री जेवताना आई माझ्या ताटाकडे बघत होती आणि आबा स्वतःच्या. मी कितीतरी वर्षं आबांचं ते वाक्य वेगवेगळ्या लोकांना सांगितलंय, विशेषतः माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या पोरापोरींना. आदर म्हणून आपण कुणाला काही सांगत नाही, आणि तो माणूस तेवढाच बाहेर राहतो. ते ऐकून मुलं मान डोलावतात. मीही त्या वयात डोलावली असती.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. कौस्तुभ टेम्पोचं बोलायला तिथं आलेलाच होता. मी म्हणाले, सर, नियमाप्रमाणे वेल्डरनं केलेला नमुन्याचा जोड आपल्याला तोडून दाखवायचाच आहे. आधी माझ्या वडिलांकडून नमुना करून घेऊ. वेल्डिंग तुटलं तर चौकट वाळूजला न्या, मी स्वतः टेम्पोत चढवायला मदत करीन. जोड टिकून नळी तुटली तर चौकट जिथं आहे तिथंच राहील. एवढं सलग मी त्या कॉलेजात कधी बोलले नव्हते, आणि सगळं मराठीतच बोलले. सर कौस्तुभकडे बघून म्हणाले, "ठीक सांगतेय ती." मग मला विचारलं, "घासणार नाहीत ना?"

त्याच संध्याकाळी मी आधी ती दोन-तीन पानं आबांना वाचून दाखवली, शब्दन् शब्द. त्यांनी दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग दोन नळ्यांचे तुकडे घेतले. कौस्तुभ उलट्या बादलीवर बसून बघत होता आणि आबांनी त्यालाही एक काळी काच दिली होती. जोड झाला. आबांनी हातोडीनं वरची खपली झाडली, ब्रश मारला, आणि मग त्यांचा उजवा हात आपोआप ग्राइंडरकडे गेला. अर्ध्यातून परत आला. ते हसले, कौस्तुभही हसला. मंगळवारी कॉलेजच्या लॅबमध्ये तो तुकडा ओढायच्या मशीनच्या जबड्यांत धरला. काटा चढत गेला. मी जोडाकडे बघत होते, म्हणून नळी बारीक व्हायला लागलेली मला उशिरा दिसली; जोडापासून दोन बोटं पलीकडे ती कमरेत आवळल्यासारखी झाली आणि फाट् करून तुटली. जोड तसाच. कौस्तुभनं तुकडा उचलला, गरम होता म्हणून या हातातून त्या हातात घेतला, आणि म्हणाला, "टेम्पो नको सांगतो."

डोक्यावरच्या चौकटीचे जोड कापून नव्यानं करायचे होते, बाकीच्यांवर पुन्हा रेघ ओढायची होती. आबांची रजा संपली होती. पहिली पाळी करून ते रोज तीन तास काम करायचे, आणि नळी गुण्याला धरून ठेवायला बहुतेक कौस्तुभ असायचा. नऊ दिवस लागले. खडबडीत काम लोकांसमोर उघडं ठेवायची आबांना सवय नव्हती. कुणी शेडपाशी थांबलं की विचारायच्या आधीच सांगायचे, घासायला मनाई हाय, पुस्तकात लिहिलंय. रशीद चाचांना तर तीनदा सांगितलं. फॉर्ममध्ये वेल्डरचं नाव आणि सही असा रकाना होता. नाव मी इंग्रजीत लिहिलं, सही त्यांनी मराठीत केली, सावकाश, काना-मात्रा सगळं देऊन.

स्पर्धेच्या ठिकाणी तपासणी करणाऱ्या माणसानं बॅटरी आणि हातातला छोटा आरसा घेऊन चौकटीखाली वाकून प्रत्येक जोड पाहिला. कुणी केलंय, त्यानं विचारलं. माझ्या वडिलांनी, मी म्हणाले. त्यानं तुटलेला नमुना पाहिला, फॉर्मवर खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. बस्स. तीन तास गाडी पळाली आणि मग मागच्या चाकांचा आस तुटला. संध्याकाळी आबांचा फोन आला. नंबर कितवा, वगैरे काही नाही. जोड, एवढंच विचारलं. सगळे शाबूत आहेत, मी म्हणाले. बरं, म्हणाले आणि ठेवला.

ती गाडी पळताना आबांनी पाहिलीच नाही. इंजिन बसलं ते कॉलेजात, मैदानावर चाचण्या झाल्या त्या त्यांच्या पाळीच्या वेळात. आल्यावर तुम्हाला दाखवते, मी म्हणाले होते. मी परत आले तेव्हा आस तुटलेला, मग परीक्षा, मग पुण्याची नोकरी. त्या नोकरीनं आम्हाला पक्कं घर दिलं, आईला नवे गुडघे दिले, मला माझं आजचं सगळं दिलं. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यानंतर आबा आणि मी मिळून काही बांधलं नाही. आबा गेल्यावर शेड उतरवलं, तेव्हा खांबांचे जोड कापायला ज्याला बोलावलं त्यानं ग्राइंडर लावायच्या आधी विचारलं, हे कुणी केलंय हो?

मात्र एकदा, नोकरी लागल्याच्या पुढच्या वर्षी, सुट्टीवर आले असताना मी त्यांना रविवारी कॉलेजात घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वॉचमननं ओळखलं, सोडलं. गाडी वर्कशॉपमागं कडुलिंबाच्या झाडाखाली उभी होती. पुढच्या वर्षाच्या मुलांनी इंजिन काढून नेलं होतं, सीट नेली होती. चौकट, चाकं आणि स्टिअरिंग उरलं होतं. आबा शर्टाची पर्वा न करता गुडघ्यांवर बसले, मग पार आडवे झाले, आणि खालून सगळे जोड पाहून आले. खवल्यांत गंज धरला होता. "तडा नाय कुठं," ते उठत म्हणाले. पाठीला लागलेली माती मी झटकली. ते गाडीकडे बघत उभे राहिले.

"बस," म्हणाले.

"इंजिन नाहीये आबा."

"बस तर."

तुम्ही बसा, मी ढकलते, असं मी म्हणून पाहिलं. मला कुठं चालवता येती, म्हणाले. वॉचमननं दिलेलं पोतं घडी घालून खाली टाकलं आणि मी आत बसले. आबा मागं गेले. हवा उतरलेली चाकं आधी हलेनात, मग हलली. वर्कशॉपच्या भिंतीकडेनं आम्ही मैदानावर आलो. इंजिन नव्हतं, त्यामुळे त्यांचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि खड्ड्यातून चाक गेलं की ते मागून हुं म्हणायचे, सगळी चौकट एकसंध हलली म्हणून. मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. समोर बघ, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मैदानाचं टोक आलं. दमले असतील म्हणून मी विचारलं, थांबवू का?

"नाय," आबा म्हणाले. "वळव तिकडून."